निर्भय आवाज, रास अल खैमाच्या रिसॉर्टमध्ये

दुबईतली आमची कंपनी लग्नं, वाढदिवस आणि टाइल्सवाल्यांच्या वार्षिक मीटिंग्ज करून देते. त्यामुळे ‘युद्धानंतरच्या समाजातली स्वतंत्र माध्यमं’ या वर्कशॉपचं काम आलं तेव्हा ऑफिसात कोणालाच त्याचा अर्थ लागेना. आमच्या लेबनानी साहेबांनी मला बोलावलं. “वेडिंगसारखंच आहे. फक्त नवरानवरी नाहीत. यल्ला, चल, तू बघ.”

क्लायंट म्हणजे युरोपातली एक संस्था. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका देशातल्या पत्रकारांना निर्भय करणं, हे त्यांचं काम. पण त्या देशात पाऊल ठेवायला त्यांच्याच माणसांना विमा कंपनीची परवानगी नव्हती. म्हणून जे तिथे राहत होते, त्यांना विमानात बसवून रास अल खैमाच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये आणायचं ठरलं. स्टेजमागचा बॅनर मीच छापून घेतला. मोठ्या अक्षरांत ‘निर्भय आवाज’ आणि खाली देणगीदारांचे लोगो. लोगो वाढत गेले तसा आवाज बारीक होत गेला.

त्या पत्रकारांत पन्नाशीची एक बाई होती. डोंगरातल्या एका गावी, शाळेच्या माडीवर, याच संस्थेच्या अनुदानावर ती रेडिओ चालवायची. टीव्ही मालिका बघून शिकलेली हिंदी बोलायची आणि पहिल्याच सकाळी मला ‘दीदी’ म्हणू लागली, वयाने माझ्याहून मोठी असून. युद्ध चालू असताना कुठला रस्ता सुरू आहे आणि कोण सुखरूप पोचलं, एवढंच ती रेडिओवर सांगत असे. गाव त्यावर चालायचं.

कार्यक्रमाचे प्रमुख उंच, मृदू बोलणारे गृहस्थ होते. चहा देणाऱ्यालाही दरवेळी थँक्यू म्हणायचे. पहिल्या सत्रात त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून खोल श्वास घ्यायला लावला. श्वास घेऊन झाल्यावर बाईंनी हात वर केला आणि दुभाष्याकरवी विचारलं.

“आमच्याकडे दुपारनंतर वीज नसते. रेडिओ बंद पडतो. एक जनरेटर मिळेल का?”

“फार महत्त्वाचा मुद्दा,” प्रमुख म्हणाले. त्यांनी तो पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीवर चिकटवला. मग समजावून सांगितलं, की या प्रोजेक्टमध्ये यंत्रसामग्री बसत नाही, क्षमताविकास बसतो. संध्याकाळपर्यंत भिंत पिवळीधमक झाली होती.

बाईंनी आयुष्यात बातमीपत्र कधी चुकवलं नव्हतं. परदेशातूनही चुकवायचं नव्हतं. व्हॉट्सॲपवरून फोन इथे, अमिरातीत, लागत नाही, म्हणून त्या संध्याकाळी आवाज रेकॉर्ड करून, सकाळी लावायला, गावी पाठवणार होत्या. खोलीत एसीची घरघर, लॉबीत पियानो. शेवटी मी त्यांना पार्किंगमध्ये माझ्या गाडीत बसवलं. काचा वर, एसी बंद. दोघी घामाने भिजलो. त्या ताठ बसून, फोन तोंडासमोर धरून बोलत राहिल्या. मला त्यांच्या भाषेतलं काही कळत नव्हतं. फक्त ‘वर्कशॉप’, ‘हॉटेल’ आणि ‘जनरेटर’ हे शब्द ओळखता आले. जनरेटर बऱ्याच वेळा आला.

दुसऱ्या दिवशी दुभाष्याने गावाहून फिरत आलेलं ते बातमीपत्र फोनवर ऐकलं आणि नाश्त्यालाच गडबड उडाली. बाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. रिसॉर्ट, श्वास, भिंत, चिठ्ठ्या. आणि शेवटी: आपला रेडिओ उद्याही दुपारनंतर बंद राहील.

प्रमुखांनी त्यांना हॉलच्या कोपऱ्यात बोलावलं. मी माइक तपासत तिथेच होते.

“यात काही खोटं आहे का?” बाईंनी विचारलं.

“खोटं नाही. पण प्रसारणाआधी आम्हाला ऐकवायला हवं होतं.”

“काल तुम्हीच शिकवलंत, की पैसे देणाऱ्याला बातमी आधी दाखवायची नाही.”

प्रमुख अगदी मनापासून म्हणाले, “ते स्थानिक पैसे देणाऱ्यांबद्दल होतं.”

शेवटी त्यांनी विनंती केली, की निदान एक चांगली बाजू तरी सांगा. बाई तयार झाल्या. त्या संध्याकाळी रेकॉर्ड केलेल्या बातमीपत्रात त्यांनी खुलासा केला, की काल एक गोष्ट राहून गेली होती: जेवण उत्तम आहे.

आता बाईंचं अनुदान जाणार, असं सगळेच कुजबुजत होते. गाडीत त्या पहिल्यांदाच खचलेल्या दिसल्या. म्हणाल्या, “दीदी, माझं काय, मी शाळेत शिकवीन. पण रेडिओवर माझ्याबरोबर काम करणारी मुलं? त्यांना मी काय सांगू?” मी पाण्याची बाटली पुढे केली.

पण युरोपातल्या मुख्य ऑफिसला ते बातमीपत्र भलतंच आवडलं. आपण घडवलेली पत्रकार आपल्यावरच टीका करते, याहून मोठा पुरावा कोणता? समारोपाला प्रमुखांनी बाईंना स्टेजवर बोलावून काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. टाळ्या थांबेनात. एवढा यशस्वी प्रोजेक्ट पुढे चालवायची गरजच उरली नाही, असं बाईंना नंतर कळवण्यात आलं. त्यांचं रेडिओ केंद्र आता स्वावलंबी झालं होतं.

परतीचं विमान दुबईहून होतं. मी त्यांना आधी तिथल्या करामा भागात माझ्या घरी नेलं. वरणभात, लिंबाचं लोणचं. हाताने, मनापासून जेवल्या त्या. माझ्या मुलीने विचारलं, “आँटी, आर यू फेमस?” त्या हसून म्हणाल्या, “बेटा, दुपारपर्यंत.”

अजूनही त्यांचे व्हॉइस मेसेज येतात. रेडिओ चालू आहे. गावातल्या दुकानदारांच्या जाहिरातींच्या पैशांतून त्यांनी जुन्या ट्रकच्या बॅटऱ्या घेतल्या. सगळ्यात मोठा जाहिरातदार म्हणजे पिठाच्या गिरणीचा मालक. त्याने दर वाढवले, बाईंनी ते बातम्यांत सांगितलं, आणि त्याने रागाने जाहिरात बंद केली. थोड्याच दिवसांत स्वतः जाहिरात घेऊन माडी चढून आला. जाहिरात ऐकू येईना म्हणून लोकांना वाटलं गिरणीच बंद पडली, आणि ते दळण घेऊन शेजारच्या गावी जाऊ लागले होते.