नागलक्ष्मीबाई सहावीला शिकवू लागल्या

नागलक्ष्मीबाईंच्या हाताखालून गेलेली आणि दहावीला गणितात नापास झालेली मुलगी दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही, असं तिरुवैयारूत लोक म्हणायचे. त्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण बाईंना ती आवडायची. त्या राहायच्या तंजावूरला, मेल वीथीमागच्या गल्लीत, आणि शाळा तिरुवैयारूला, मुलींची. रोज सकाळी जुन्या बसस्टँडवरून बस धरायची, एकामागून एक पूल ओलांडत जायचं, आणि घंटा व्हायच्या आत दहावीच्या फळ्यावर पहिलं समीकरण लिहून ठेवायचं. असा त्यांचा अर्धा जन्म गेला होता.

घरी नवरा-बायको दोघंच. सत्यनारायणराव वीज मंडळातून निवृत्त झालेले, मुलगा बंगळुरूला. घरात बोलणं मराठी. त्या मराठीतले कितीतरी शब्द महाराष्ट्रात आता कोणी बोलत नाही, आणि चाल सगळी तमिळची. देवनागरी अक्षर मात्र दोघांनाही वाचता येत नव्हतं. शाळेत, बाजारात, शेजारी सगळीकडे तमिळच.

करोनानं शाळा बंद पडल्या, उघडल्या, पुन्हा बंद पडल्या. त्या सगळ्या धामधुमीत बाईंनी दहावीच्या मुलींना फोनवरून शिकवून निभावून नेलं. पण शाळा धडपणे सुरू झाली तेव्हा खालच्या वर्गांची दशा समोर आली. जूनमध्ये सहावीत येणाऱ्या मुली म्हणजे तिसरी अर्धवट सोडून थेट पाचवी पार केलेल्या. वय अकराचं आणि हिशेब आठ वर्षांच्या पोरीचा. म्हणून मे महिन्यात त्यांच्यासाठी उन्हाळी वर्ग घ्यायचं ठरलं आणि मुख्याध्यापिकेनं तो नागलक्ष्मीबाईंवर सोपवला.

बाईंना हे रुचलं नाही. दहावीच्या बाईनं बेरीज-वजाबाकी शिकवायची म्हणजे उतरत्या पायरीवर उभं राहायचं, असं त्यांना वाटलं. त्यात वर्गाआधी पापनाशमला दोन दिवसांचं प्रशिक्षण. तिथं शिकवायला आलेली वर्षा त्यांच्या मुलाच्या वयाची. तिनं फळ्यावर मुलांनी केलेली चुकीची गणितं लिहिली आणि जमलेल्या शिक्षकांना विचारलं, की हे उत्तर लिहिताना मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल? नागलक्ष्मीबाई मागच्या बाकावर बसून वारा घेत राहिल्या. उत्तर चुकलं ते चुकलं. त्याच्यामागे एवढं काय शोधायचं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. दुपारच्या जेवणात सांबारभात चांगला होता, एवढंच त्यांनी घरी येऊन सांगितलं.

वर्ग सुरू झाला तोही त्यांच्या रीतीनंच. फळ्यावर गणित सोडवून दाखवायचं, मग विचारायचं, ‘कळलं का?’ सगळ्या मुली एका सुरात ‘कळलं, टीचर’ म्हणायच्या आणि वहीत उतरवून घ्यायच्या. अक्षर सुरेख, समासही आखलेले. पहिला आठवडा असा सुखात गेला.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी फळा पुसला आणि तोंडी आकडे सांगून लिहायला लावले. त्यांनी सांगितलं नऊशेपाच, अर्थात तमिळमध्ये. वह्या बघत बघत त्या भुवना नावाच्या मुलीपाशी आल्या. भुवनानं लिहिलं होतं ९००५. शेजारणीनंही तेच लिहिलं होतं. पण बाईंचं लक्ष आधी भुवनाकडे गेलं, कारण ती वर्गात सगळ्यांत मोठ्यानं ‘कळलं’ म्हणायची. त्या ओरडल्या नाहीत, ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एवढंच म्हणाल्या, की तिसरीतल्या पोरीला येतं ते तुला येत नाही. मग पुढच्या बाकाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी भुवना आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. उन्हाळ्याचे वर्ग, कोण येतं, कोण येत नाही, याची फारशी चौकशी कोणी करत नव्हतं. पण बाईंना त्या मुलीची रिकामी जागा खटकू लागली. वर्ग सुटल्यावर त्या बसस्टॉपकडे न जाता नदीकडच्या गल्लीत शिरल्या.

भुवनाची आई देवळापुढं फुलांच्या माळा करून विकायची. टीचर घरी आलेल्या बघून ती गडबडली, चटई टाकली, पाण्याचा तांब्या पुढं केला. पोरगी पोट दुखतंय म्हणते, असं तिनं सांगितलं, आणि गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून ती पुन्हा माळांकडे गेली. मागं कावेरीत मे महिन्याची कोरडी वाळू आणि त्यात खेळणारी मुलं दिसत होती. भुवना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पोटाबिटाचं काही दिसत नव्हतं.

बाई रागवायला आल्या नव्हत्या. पण काय बोलायचं, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी पापनाशमला ऐकलेला प्रश्न विचारला. ‘त्या दिवशी तो आकडा लिहिलास, तेव्हा तुझ्या मनात काय होतं?’

भुवना खाली बघत म्हणाली, ‘तुम्ही आयिरम म्हणालात ना, टीचर. आयिरमला चार आकडे लागतात.’

तमिळमध्ये हजाराला आयिरम म्हणतात आणि नऊशेला तोळ्ळायिरम. जन्मभर हे दोन्ही शब्द बाईंच्या तोंडात होते. पण एकाच्या पोटात दुसरा बसलेला आहे, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. नव्वदाचंही तसंच. तोण्णूरु म्हणायचं आणि शेवटी नूरु, म्हणजे शंभर. ज्या वयात हे घोटून पक्कं व्हायचं त्याच वयात या मुलीची शाळा बंद झाली होती. तिनं कानावर पडलं ते लिहिलं, आणि कानावर पडलं होतं ते हजारच.

त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की तू नीट ऐकलंस, चूक माझ्या सांगण्यात होती, उद्या ये. बाई निघाल्या तेव्हा आईनं मोगऱ्याचा गजरा हातात ठेवला, तो त्यांनी घेतला.

रात्री जेवताना त्यांनी हे सत्यनारायणरावांना सांगितलं. सांगता सांगता त्यांना आपलं लहानपण आठवलं. घरी वडिलांनी, अप्पांनी, आकडे मराठीत शिकवलेले. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, चाळीस मागून. तमिळमध्ये चाळीस आधी, सात मागून, जसं लिहायचं तसं. पहिलीत बाई तमिळमध्ये आकडा सांगायच्या, नागलक्ष्मी मनात त्याचा सत्तेचाळीस करायची आणि पाटीवर ७४ लिहायची. वर्गातल्या पोरी हसायच्या.

‘मग तुज नीट कोणी शिकवलं?’ सत्यनारायणरावांनी विचारलं.

‘अप्पांनी.’

‘रागावून?’

‘नाही,’ बाई म्हणाल्या. ‘ते शेजारी बसले, म्हणाले, तू कसं लिहितेस ते मज एकदा दाखव.’

सत्यनारायणरावांनी ताकभात कालवला. बाई मात्र हात वाळेपर्यंत पानावर बसून राहिल्या.

सकाळी त्या घरातला जुना खराटा घेऊन बसमध्ये चढल्या. कंडक्टरनं विचारलं, शाळेत झाडू मारायचं कामही तुम्हालाच लावलं काय? बाई हसल्या. वर्गात त्यांनी बाक भिंतीला सरकवले, मुलींना जमिनीवर बसवलं, खराट्याचे हीर सोडले आणि तुकडे करून दहा-दहाच्या जुड्या बांधायला लावल्या. दहा जुड्यांची एक मोळी. हीर पुरेनात, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुलींनी घरोघरचे खराटे आणले. दोन-तीन आयांनी त्याबद्दल तक्रारही केली. अशा नऊ मोळ्या झाल्यावर बाईंनी विचारलं, हे किती? तोळ्ळायिरम, मुली म्हणाल्या. मग आयिरम झालं का? मुलींनी मोळ्या पुन्हा मोजल्या. नाही झालं, आणखी एक मोळी हवी. नावात आयिरम आहे आणि हातात नाही, हे बघून त्या खिदळायला लागल्या. भुवनानं नऊ मोळ्यांशेजारी पाच सुटे हीर ठेवले, मधे जुडी एकही नाही हे दाखवलं आणि वहीत ९०५ लिहिलं. मग खोडलं, आणि पुन्हा तेच लिहिलं.

‘कळलं का?’ हा प्रश्न बाईंनी त्या दिवसापासून टाकून दिला. त्याऐवजी ‘कसं केलंस ते सांग’ म्हणू लागल्या. वर्ग संथ झाला. ठरवलेल्यातला निम्माच भाग शिकवून झाला. शेवटच्या दिवशी बहुतेक मुलींना तीन-चार अंकी वजाबाकी जमू लागली होती. दोघी-तिघींना तेव्हाही जमली नाही, आणि त्यांचं काय करायचं ते बाईंना जून उजाडला तरी सुचलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्याआधी प्रशिक्षणातल्या वर्षाचा फोन आला; खराट्यांच्या मोळ्यांची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. पापनाशमला शिक्षकांसमोर तुम्हीच बोला, असा तिचा आग्रह. बाईंनी आढेवेढे घेतले. चाळीस मुलींसमोर उभं राहणं वेगळं आणि चाळीस शिक्षकांसमोर वेगळं. शेवटी गेल्या. सुरुवातीला लिहून आणलेलं वाचवेना. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, की मी तुम्हाला आमच्या घरच्या भाषेतले आकडे शिकवते. एक ते नऊ आणि चाळीस, साठ, सत्तर हे शब्द सांगितले, सुटा आकडा आधी येतो हे सांगितलं, आणि भराभर बोलू लागल्या: त्रेसष्ट, सत्तेचाळीस, चौऱ्याहत्तर. शिक्षक मंडळी माना खाली घालून लिहू लागली. पुढच्या बाकावर रघुपती सार बसले होते. पापनाशमकडचे जुने, जाणते गणिताचे शिक्षक; तिकडे ‘सर’चं ‘सार’ होतं. त्रेसष्टला त्यांनी ३६ लिहिलं होतं. बाजूच्यांनीही तसंच. बाई पुढं बोलत राहिल्या आणि मागं पडलेल्यांनी लिहिणं सोडून दिलं.

बाईंनी थांबून विचारलं, ‘आता मी कळलं का म्हटलं, तर तुम्ही काय म्हणाल?’

कोणी हसलं, कोणी पेनाचं टोपण लावलं. रघुपती सार मात्र गंभीर होते. ते म्हणाले, की हे सगळं ठीक. पण प्रत्येक पोराच्या डोक्यात शिरत बसलो तर पोर्शन कोण संपवणार? वरून विचारणा होते ती पोर्शनची.

गेल्या वर्षी माझाही पोर्शन राहिला, बाई म्हणाल्या. राहिलेला भाग मुलींना पुढच्या वर्षी शिकता येतो. पण खालचंच आलं नाही तर पुढचं नुसतं उतरवून घेतात, एवढं मी पाहिलं. रघुपती सारांचं समाधान झालं नाही. तरी संध्याकाळी बसस्टॉपवर ते स्वतःहून शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांच्या वर्गात एक मुलगी प्रत्येक भागाकार उलटा मांडते, त्याबद्दल बोलू लागले. तंजावूरची एक बस गेली, दुसरीही गेली. दोघंही बोलतच होती.

त्याच जूनमध्ये नागलक्ष्मीबाईंनी सहावीचा वर्ग मागून घेतला. मुख्याध्यापिकेला पटलं नाही. दहावी आता एका नव्या, तरुण टीचरकडे गेली आणि पहिल्या वर्षी निकाल थोडा खाली आला. लोक बोलले. बाजारात एका पालकानं बाईंना तोंडावर विचारलं, की तुम्ही दमलात काय? बाईंना ते लागलं. घरी येऊन त्यांनी सत्यनारायणरावांपाशी तसं बोलूनही दाखवलं. पण वर्ग बदलून मागितला नाही. नव्या टीचरला त्या शनिवारी शाळा सुटल्यावर बसवून घेऊ लागल्या. दोघी मिळून मुलींच्या चुका वाचायच्या. पुढच्या वर्षी निकाल पुन्हा वर आला, अगदी आधीएवढा नाही.

आता बाईंच्या निवृत्तीला फार दिवस उरलेले नाहीत. भुवना नववीत आहे. गणितात ती मधली. फार पुढं नाही, फार मागंही नाही. परवा शाळा सुटल्यावर ती बसस्टॉपपर्यंत बाईंची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, ‘टीचर, अकरावीला मी गणित घेणार नाही. मला नर्स व्हायचंय.’

बाईंना क्षणभर वाईट वाटलं, हे खरं. मग त्यांनी विचारलं, की नर्सिंगचं कॉलेज कुठं आहे, चौकशी केलीस का? भुवनानं केली होती. तंजावूरलाच एक होतं, मोठ्या इस्पितळापाशी. तिची मावशी तिथं आया होती. प्रवेश कसा मिळतो, वसतिगृह बरं आहे की रोज जायचं-यायचं, हे ती सविस्तर सांगू लागली. बाई पिशवी तिच्याच हातात ठेवून ऐकत राहिल्या. बस आली, तेव्हा तिचं सांगणं अर्धं राहिलं होतं. बाईंनी कंडक्टरला हातानंच पुढं जा म्हणून खुणावलं.