तात्यांची मोजणी

शीतलचा फोन आला तेव्हा मी सातवीचे पेपर तपासत बसले होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील. "मॅडम, तात्या शिट्टी देईनात," तो म्हणाला. मला आधी काही उमगलंच नाही. मग कळलं, तो डोंगरात होता, तात्यांबरोबर... म्हणजे बरोबर नव्हताच, तीच तर भानगड होती. "दोन ठिकाणांवरनं त्यांचं उत्तर आलं. तिसऱ्या ठिकाणी गेलेत, तिथनं येईना. तास झाला. जाग्यावरनं हलायचं न्हाय म्हणून सांगितलंय त्यांनी. काय करू?" मी म्हटलं, खालच्या गावात फोन कर, माणसं बोलाव. फोन ठेवला आणि हातातला लाल पेन बंद करायचंही सुचेना. दिवस मावळायच्या आत धनगरवाड्यातल्या माणसांना तात्या कड्याखाली सापडले. वाळल्या गवतावरून पाय निसटला होता. याला आता पाच आठवडे झाले.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तात्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आठवडाभर तांब्याच्या तारा गुंडाळायच्या आणि रविवारी लोकांना डोंगरात न्यायचं, असा त्यांचा वीस-बावीस वर्षांचा क्रम. ना क्लबचं नाव, ना बोर्ड. "तात्यांबरोबर जाणार आहे" एवढं म्हटलं की घरचे निर्धास्त. मी गेले ती डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या हातात ठेवल्यावर. पहिल्याच चढावर माझा भाता सुरू झाला, तसे तात्या म्हणाले, "मॅडम, तुमी सगळ्यात म्होरं." मला वाटलं चेष्टा आहे. पण त्यांचा कायदाच तसा होता. जो सगळ्यात हळू तो पुढे, बाकीचे त्याच्या चालीनं. दमदार पोरं पुढे सोडली की ती पळतात आणि मागचा माणूस एकटा पडतो. "डोंगर माणूस खात न्हाय हो, एकटा पडल्याला माणूस खातोय," असं ते जेवताना, पाण्याचा घोट घ्यावा इतक्या सहज बोलून जायचे. वर्षभरात माझा दम वाढला, तसं त्यांनी मला उचलून शेवटी टाकलं. "शाळंत पोरं मोजता न्हवं? मग हितं शेपूट सांभाळा." तेव्हापासून मी शेपूट. माझ्यामागे कोणी राहता कामा नये, एवढंच माझं काम.

डोंगरातलं जेवण हा त्यांचा दुसरा हट्ट. शनिवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात जमायचं. काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, बेसन खमंग भाजायच्या, त्यात तळलेला सुका कांदा, लसूण, कांदा-लसूण चटणी, मीठ मिसळायच्या. डाळ-तांदूळ भाजून जाडसर भरडायच्या. तात्या जमिनीवर मांडी घालून माणशी एक अशा कागदी पुड्या बांधायचे, प्रत्येकीवर नाव. वर गेल्यावर पाणी उकळायचं आणि पुडी सोडायची, दहा मिनिटांत पिठलं-खिचडी तयार. काकी हसायच्या, "घरात कवा ताट घेतलं न्हाय, डोंगरात मातूर वाढपी." पण त्या पुड्यांत खरी गोम वेगळीच होती. तात्या माणसं मोजायचे ती पुड्यांनी. "डोकी हलत्यात. एक जण पाण्याला जातोय, एक झाडामागं. मोजणारा चुकतोय. पण भुकेजला माणूस पुडी घ्याला येतोय म्हंजे येतोय. पुडी उरली की समजायचं, माणूस ऱ्हायला." इतकी वर्षं पुडी उरली नव्हती, आणि माणूसही राहिला नव्हता.

शीतल आमच्यात आला तो दीडएक वर्षापूर्वी. शिरोळकडचा शेतकरी जैन घरातला मुलगा, कोल्हापुरात नोकरीला. सूर्य मावळला की अन्नपाणी बंद, कांदा-लसूण नाही. त्यानं पहिल्याच दिवशी संकोचत सांगितलं, तर तात्या म्हणाले, "मग त्यात लाजायचं काय? देवानं पोट सगळ्यांस्नी येकाच जागी दिलंय, येळ निराळी." तेव्हापासून काकी त्याच्यासाठी बिनकांद्याचे दडपे पोहे आणि राजगिऱ्याचे लाडू द्यायच्या, आणि तात्या त्याची पुडी सकाळी निघतानाच त्याच्या हातात ठेवायचे. त्याला उजेडात खाता यावं म्हणून. चांगुलपणानंच केलेली गोष्ट. तिथंच मोजणीला भोक पडलं, आणि ते आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

पावसाळा संपत आला होता. गगनबावड्याच्या अलीकडच्या एका धारेवरून आम्ही सोळा जण उतरत होतो. दुपारनंतर असं धुकं दाटलं की पुढच्या माणसाची सॅक दिसेना. सूर्य मावळायला अर्धा तास असताना शीतल थांबला. म्हणाला, "मॅडम, तुमी व्हा म्होरं, दोन घास खातो आणि आलोच." मी थांबायला हवं होतं. थांबलेही, दोन-चार मिनिटं. तो खाताना मी समोर उभी, त्याला घास गिळवेना. इतक्यात पुढून हाक आली, एका मुलीच्या पोटरीत गोळा आला होता. मी म्हटलं, त्या वळणापाशी जाते, तू ये. वळणावरून मी पुढच्या वळणावर गेले... आणि मग चालतच राहिले. खाली देवळाच्या ओसरीवर पोचलो तेव्हा अंधारलं होतं. स्टोव्ह पेटला, तात्यांनी नावं घेत पंधरा पुड्या वाटल्या. पंधराच्या पंधरा गेल्या. पुडी उरली नाही. "आली सगळी," तात्या म्हणाले आणि खुशाल हात धुतले. शीतल धुक्यात माझ्या पुढून गेला असेल, अशी मीही मनाची समजूत घातली. गाडीत बसताना एक जागा रिकामी दिसली, तेव्हा तात्यांचा चेहरा मी पाहिला. तसा पुन्हा कुणाचा पाहायची वेळ माझ्यावर येऊ नये.

पुन्हा वर चढून शोधल्यावर आठच्या सुमाराला तो सापडला. जिवंत सापडला. चुकीच्या फाट्यानं उतरून एका कपारीत कारवीचं झुडूप धरून बसला होता, घोटा मुरगळलेला, खाली दरी. तात्यांनी शिकवल्याप्रमाणे जागचा हलला नव्हता, आणि तीन-तीन लांब शिट्ट्या मारत होता. खाली आल्यावर तात्यांनी सगळ्यांना ओळीनं विचारलं, "कुणी शिट्टी ऐकली?" कुणी ऐकली नव्हती. मला विचारलं. मी म्हटलं, "नाही."

ऐकली होती.

पहिल्यांदा वाटलं शीळकरी कस्तूर आहे. तो पक्षी हुबेहूब माणसासारखी शीळ घालतो, तात्यांनीच मला दाखवला होता. दुसऱ्यांदा मी थबकले. एक, दोन, तीन. पक्षी मोजून शीळ घालत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण गुडघे भरून आले होते, धुक्यातून खालचे दिवे पुसट दिसू लागले होते, वर परत चढायचं म्हणजे... मी स्वतःलाच सांगितलं, पक्षीच. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो. आणि त्या ओळीत सगळ्यांसमोर खरं बोलायला माझी जीभ उचलली नाही. मी भ्याले. याहून सभ्य शब्द माझ्याकडे नाही.

तात्यांनी दोष स्वतःवर घेतला. शीतलच्या घरी जाऊन त्याच्या आई-वडिलांसमोर हात जोडले, "मोजणी माझी हुती." रविवार बंद केले. पण एक किडा त्यांच्या डोक्यातून जाईना. शीतल तासभर शिट्टी मारत होता आणि पंधरातल्या एकाच्याही कानावर कशी पडली नाही? त्यांनी ठरवलं की डोंगराच्या त्या पोटाशी आवाज मरतो. मग कुठे मरतो ते शोधायला हवं, पुढच्या माणसांसाठी तिथे खूण करायला हवी. शीतलला कपारीजवळ बसवायचं, आपण वाटेवर एकेका जागी उभं राहून ऐकायचं, ऐकू आलं की उत्तरादाखल एक शिट्टी द्यायची. थंडीभर हेच. मला म्हणायचे, "तुमी त्या दिवशी जिथं हुता तिथं येऊन हुबं ऱ्हावा की." मी कधी परीक्षा सांगितली, कधी लग्न, कधी पाहुणे. शेवटी ते माझ्या कसबा बावड्याच्या घरी आले. वहीच्या पानावर काढलेला नकाशा टीपॉयवर पसरला. त्यावर फुल्या होत्या. प्रत्येक फुलीवर आवाज आला होता. फक्त कड्याच्या अंगाच्या तीन जागा राहिल्या होत्या, शेवटची अगदी टोकावर. "वाटंवर समदीकडं येतोय मॅडम. मग त्या दिवशीच काय झालं?" मी म्हटलं, "तात्या, सोडा आता." ते चहा संपवत म्हणाले, "न्हाय. उद्या कोण मेला म्हंजे?" तेव्हा बोलायला दोन शब्द पुरले असते. मी त्यांना आणखी चहा हवा का विचारलं. चार दिवसांनी ते त्या टोकावर गेले.

परवा मी काकींना भेटायला गेले. स्वयंपाकघरातच बसलो. शीतल आधीच आलेला होता, उठला आणि मला पाट दिला. काकी त्याच्यासाठी पोहे परतत होत्या. तो म्हणाला, "मॅडम, तात्यांचं तेवढं एक टोक ऱ्हायलंय. या रविवारी मी जातोय. मी कपारीत बसतो, तुमी ऐकाय चला. त्यांचं काम अर्धं ऱ्हायला नको." काकींचा उलथन्याचा हात थांबला. त्यांना त्या पोराला पाठवायचं नव्हतं. मी म्हटलं, "जाऊ नकोस." तो म्हणाला, "का?" आणि मी सांगितलं. सगळं. वळण, धुकं, पहिली शिट्टी, दुसरी.

शीतल खाली बघत राहिला. काकींनी गॅस बंद केला. त्या रडल्या असत्या, मला घराबाहेर काढलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

"म्हंजे तितं आवाज येतोय," काकी म्हणाल्या.

"येतो."

"मग पेपरात लिवणार हाय म्हणालासा न्हवं त्येंच्यावर? त्ये कसं भलं हुतं, ह्ये लिवू नका. ह्ये लिवा. पुन्यांदा कोण ऐकाय जायला नको."

त्या धारेवर, दुसऱ्या वळणापाशी, शिट्टी स्पष्ट ऐकू येते. मी ऐकली आहे. दोनदा.