अंगावरचं सूत

धारेहून कपाशीच्या गाड्या घेऊन येणारा गाडीवान दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, तुमची तुळजाबाई गेली," तेव्हा मी त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आधी विचारलं, "तू डोळ्यांनी पाहिलंस का?" तो गडबडला. "नी मावशी, सुन्यो. पूरो मोहल्लो बोली रियो थो." मोहल्ला काय, काहीही बोलतो! आमच्या बाई यापूर्वी एकदा मेल्या होत्या. देवासच्या दोन्ही दरबारांनी एकाच मुहूर्तावर गाण्याला बोलावलं, एकीकडे जावं तर दुसरीकडचे रागावणार, म्हणून बाईंनी स्वतःच कुणाकरवी आवई उठवली की तुळजाबाई पटकीनं गेल्या. आणि पीपलरावां गावी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन हुरडा खात बसल्या. मी इथं देवासला ऊर बडवून रडले होते. परत आल्या तेव्हा माझे सुजलेले डोळे बघून म्हणाल्या, "बघू, कसं रडलीस? रडतानाही बेसूरच असशील." तेव्हा या खेपेला मी रडले नाही. गाडीवानाला म्हटलं, जा बाबा, मी स्वतः जाऊन पाहीन.

आता हे मासिकवाले आठवणी लिहून द्या म्हणतात. बाई जिवंत असताना यांच्यापैकी एकानं कधी चार ओळी छापल्या नाहीत. आता का छापताहेत, हा मला पहिला संशय. असो. छापताहेत तर लिहिते. अक्षरओळख बाईंनीच करून दिली होती, चिजांचे बोल नीट पाठ व्हावेत म्हणून. त्यांचं अक्षर त्यांच्याच कामी येतंय.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की आमचं देवास गाव एक आणि राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाचं घर एका महाराजांचं, त्या अंगाचं दुसऱ्यांचं. एकाच टेकडीवरच्या देवीला दोघे नमस्कार करणार आणि खाली उतरले की एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघणार. याच टेकडीवरच्या देवीला बाईंना लहानपणी वाहिलं होतं. जन्मलं तेव्हा मुलगा होता, असं काही म्हणत. मुलगीच होती, वाहायची म्हणून मुलाचं नाव ठेवलं, असंही काही म्हणत. दोन्हीकडचे शपथेवर सांगत. थोरल्या पातीच्या दरबारात पागोटं बांधून बसत ते तुळजारामबुवा. धाकट्या पातीच्या जनानखान्यात लुगडं नेसून, पदर खोचून बसत त्या तुळजाबाई. थोरल्या पातीवाले म्हणत, बुवा आमचे आहेत, तिकडे नुसतं सोंग करतात. धाकटीवाले म्हणत, सोंग तुमच्याकडे. बुवा म्हणून गायलं की बिदागीत शेला मिळे, बाई म्हणून गायलं की चोळखण. "गाणं तेच असतं गं," त्या म्हणायच्या, "पण शेला मिळाला की वाहवा नऊ हात लांब, आणि खण मिळाला की वाहवाही खणाएवढीच." मी पहिल्या दिवशी बाई म्हटलं, तेव्हा शेवटपर्यंत बाईच म्हणते. ज्यांना बुवा म्हणायचंय त्यांनी आपला लेख आपण लिहावा.

माझे वडील थोरल्या पातीत चोपदार. नवऱ्यानं टाकलं तेव्हा मी पदरात पोर घेऊन माहेरी आले आणि गळा बरा होता म्हणून शिकायचा हट्ट धरला. चोपदाराची पोर गाणं शिकणार म्हणजे लोक काय समजायचे ते समजलेच. पण गंमत अशी झाली, की वडील चारचौघांत सांगत, "आमची कृष्णा बुवांकडे शिकते," म्हणजे विद्या शिकते. आणि आई शेजारणींना सांगे, "बाईंकडे जाते," म्हणजे परपुरुषाकडे जात नाही. दोघांची अब्रू राहिली. बाई हसून म्हणाल्या, "बघ, मी एकटी, पण तुझ्या आईबापांचा दोघांचा मान ठेवला." त्यांच्याइतकं हसणारं माणूस मी पाहिलं नाही. आणि त्यांच्याइतकं हातचं राखणारंही.

हातचं राखणं कशाचं, तर सुताचं. तानपुऱ्याची तार घोडीवरून जाते, तिथं तारेखाली सुताचा बारीक तुकडा सरकवतात. तो नेमका बसला की तार नुसती वाजत नाही, बोलते. त्या बोलण्याला जवारी म्हणतात. बाई गायला बसल्या की पाठ फिरवून सुतं बसवत आणि गाणं झालं की तारांखालून काढून घेत. तानपुरा उघडा पडला तरी हरकत नाही, सूत मागे ठेवायचं नाही. सुतं नसली की तो तानपुरा टिनाच्या डब्यासारखा वाजे. मी रियाजाला बसायची ती त्याच डब्यावर. दोन्ही दरबारांत आपापले तानपुरे होते, इकडचं वाद्य तिकडे न्यायची बंदी. पण बाईंनी हात लावला की दोन्हीकडचे तानपुरे सारखेच बोलत. तुळजाबाईंचं सूत मंतरलेलं आहे, टेकडीवरच्या देवीच्या पातळाचं आहे, असं लोक म्हणू लागले. मी नाक मुरडायची... आणि मनातून मलाही तसंच वाटायचं.

एका दसऱ्याला धाकट्या पातीच्या चौकीवर त्यांना अडवलं. इकडून तिकडे जाणारं-येणारं एवढं एकच माणूस, तेव्हा बातम्या पोचवत असणारच! मी मागे पानाचा डबा घेऊन उभी होते. शिपायानं त्यांच्या बटव्यात हात घातला आणि काढली चार सुतं. झालं! कारभारी आले, त्यांचे कारकून आले. चार सुतं म्हणजे चार दिवस? की थोरल्या पातीनं चार स्वार पाठवलेत? एकानं सुतांचा वास घेतला. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं मी आयुष्यात तेव्हाच प्रत्यक्ष पाहिली. बाई हात जोडून उभ्या, चेहरा एवढा भाबडा की मलाही शंका यावी. शेवटी सुतं जप्त झाली आणि आम्हांला सोडलं. वाटेत मी म्हटलं, "सांगायचं ना, तानपुऱ्याची आहेत म्हणून!" त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर वाजवून दाखव म्हणाले असते. चौकीवर फुकट गाऊ होय?" मग म्हणाल्या, "कृष्णे, लोकांना संशय घ्यायला काहीतरी लागतंच. आपणच एक लहानसा हाती द्यावा. मग मोठ्याकडे ध्यान जात नाही." मोठा कुठला, हे मी विचारलं नाही. माझं सगळं ध्यान दुसरीकडे होतं. कारण त्या संध्याकाळी सुतं चौकीवर जप्त असताना बाई जनानखान्यात बसल्या, पाठ फिरवली, आणि तानपुरा रोजच्यासारखा बोलू लागला.

तेव्हापासून माझी झोप गेली म्हणा ना. यांच्याकडे दुसरं सूत आहे. कुठं तरी लपवलेलं आहे. आणि ते मला द्यायचं नाहीये. गाणं दिलं, रागरागिण्या दिल्या, शिव्या तर पसाभर दिल्या, पण ज्यानं गाण्याला बैठक मिळते ते मात्र राखलं. मी उघड विचारायची, "बाई, सूत कुठं असतं तुमचं?" दर वेळी एकच उत्तर. "अंगावरचं असतं गं." झालं! अंगावर असतं म्हणजे लपवलेलंच की. अंबाड्यात? कमरेच्या कनवटीत? पागोट्याच्या पेचात? मी न्याहाळून न्याहाळून दमले. इंदूरहून नवं कोरं रेशीम आणवलं, बारीक सुताचे दोरे आणवले, पंचवीस परींनी बसवून पाहिले. तार खुरडत राहिली.

पुढे वय झालं, दोन्ही पात्यांना दुसऱ्या गाणाऱ्या मिळाल्या, आणि बाई धारेला गेल्या. तिथली गेंदा त्यांची दुसरी शिष्या. वाजंत्र्यांच्या घरची माळवी पोर, आवाज मोठा, डोळे त्याहून मोठे. जाताना मला म्हणाल्या, "तानपुरा तुझ्याकडेच राहू दे. प्रवासात भोपळा फुटेल." तानपुरा दिला आणि सूत नेलं! म्हणजे गाय माझ्या गोठ्यात आणि दूध गेंदाच्या घरी. मी त्यांच्या पाया पडले तेव्हाही माझे डोळे त्यांच्या कमरेवर होते. खोटं कशाला बोलू?

तर गाडीवान येऊन गेल्यावर मी टांग्यानं इंदूर गाठलं आणि तिथून धार. गेंदाच्या अंगणात शिरले तोच कळलं, की या खेपेला बाईंनी फसवलं नव्हतं. तुळशीपाशी त्यांच्या वहाणा होत्या आणि त्यांवर धूळ बसली होती. बाई स्वतःच्या वहाणांवर धूळ बसू देणाऱ्यातल्या नव्हत्या. मी तिथंच खाली बसले. रडले... बेसूर असेल तर असो.

गेंदानं पाणी दिलं. गल्लीतल्या बायका अजून येऊन जाऊन होत्या, आणि समाचाराला येणारी प्रत्येकजण इकडचं तिकडचं बोलून शेवटी तिथंच येई. न्हाऊ कुणी घातलं? तूच ना? मग काय ते कळलंच असेल... बाई की बुवा? गेंदा एकीलाही उत्तर देत नव्हती. मलाही तिचा राग आला. आल्यागेल्याला उत्सुक ठेवून भाव खातेय वाटलं. सगळ्या गेल्यावर मी दार लोटलं आणि म्हटलं, "खरं सांग. न्हाऊ घालताना अंगावर काय सापडलं?" मी सुताबद्दल विचारत होते. तिला वाटलं मीही तेच विचारतेय. तिचे ते मोठे डोळे भरून आले. "जीजी, दरवाजो बंद कर्यो. पानी नाख्यो. पण आँख नी खोली." डोळे मिटून न्हाऊ घातलं होतं पोरीनं. उद्या कुणी देवाची शपथ घातली तरी खोटं बोलावं लागू नये आणि खरंही सांगता येऊ नये, म्हणून. पांढरं कापडही तिनंच मिटल्या डोळ्यांनी गुंडाळलं. पांढरं बाईलाही चालतं, बुवालाही.

मोठा संशय कोणता ते मला त्या क्षणी कळलं. जन्मभर दोन दरबारांच्या, रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या नजरा अंगाला चिकटलेल्या, आणि बाईंनी त्या सगळ्या नजरा चार सुतांवर गुंतवून ठेवल्या होत्या. लोक पागोटं झटकत राहिले, बटवे उलटे करत राहिले, आणि त्यापलीकडे कुणाचा हात गेला नाही.

पण स्वभाव जात नाही. जरा वेळानं मी म्हटलंच, "आणि सूत? ते तुला दिलं ना?" गेंदा माझ्याकडे बघतच राहिली. "म्हारे दियो? जीजी, मैं तो समझी थी तमारे दियो! जद पूछूं, एकज बात. अंगावरचं असतं गं." मराठीतले तेवढे तीन शब्द तिनं अगदी बाईंच्या आवाजात म्हटले. इतकी वर्षं ती धारेत बसून माझा हेवा करत होती, आणि मी देवासात बसून तिचा!

मग तिनं पेटीतून बाईंचे कपडे काढले. एक रोजचं लुगडं, एक पागोटं. दिवेलागण व्हायची होती, उन्हाची तिरीप खिडकीतून आत येत होती, आणि त्या उजेडात दिसलं, की लुगड्याच्या पदराची कड एका टोकाकडून विरलेली आहे. विरलेली नव्हे, ओढलेली. एकेक सूत, नीट, सावकाश ओढून काढलेलं. पागोट्याचंही तसंच, आतल्या पेचाचं, जिथं कुणाला दिसू नये. बाई म्हणून बसल्या की पदराचं, बुवा म्हणून बसले की पागोट्याचं. अंगावरचं! त्या मेल्या शिपायांसारखी मीही अंग धुंडाळत राहिले आणि बाई मला नेसत्या लुगड्याबद्दल सांगत होत्या. नवं रेशीम कडक असतं, तारेखाली बसत नाही. जुनं, धुऊन धुऊन, घामानं, हाताळून मऊ झालेलं सूतच तारेला बोलतं करतं. एवढंच. पण मग जरा सरळ नाही सांगायचं? "कृष्णे, पदराचं सूत ओढ," म्हणायला काय झालं होतं? मला अजून राग येतो. उत्तर खरंच द्यायचं, पण समोरच्यानं वाकडंच ऐकावं असं द्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. घरच्या माणसांसाठी तरी ती मोडायला हवी होती.

पागोटं गेंदानं ठेवलं, लुगडं मी आणलं. घरी येऊन त्या पदराचं सूत काढलं, तारांखाली सरकवलं, आणि कितीतरी वर्षांनी आमच्या ओसरीवर तानपुरा बोलला. शेजारची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "तुळजाबाई आल्यात काय गं?" पण मला लगेच शंका. हे बाईंच्या लुगड्याचं कौतुक असलं तर? ते संपेल तेव्हा काय? म्हणून दुसऱ्या दिवशी माझ्या स्वतःच्या जुन्या लुगड्याचं सूत ओढलं. बसवलं. तार छेडली. तीही बोलली... तशीच, अगदी तशीच. म्हणजे माझ्यापासून काही राखलेलंच नव्हतं. अंगणातल्या वहाणा बघून रडले होते ते बाई गेल्या म्हणून. आता पुन्हा रडले, पण हे रडणं निराळं होतं.

आता गायला बसले की मी पाठ फिरवते. उठताना सुतं काढून घेते. कशाला, ते विचारू नका. हाताला तसंच वळण आहे. बाईंचं लुगडं घडी घालून तानपुऱ्याच्या भोपळ्याखाली ठेवलंय. माझी सून हाटपिपल्याची, भारी चौकस. परवा माझं लुगडं वाळत घालताना पदराची कड बघून ओरडली, "सासूबाई, बघा तर, कुणी कुरतडलंय! आणि रोज थोडं जास्तच." तिला वाचता येत नाही, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. मी म्हटलं, "उंदीर असेल गं." तिचा विश्वास बसला नाही. माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं, पण पिंजरा आणून लावलाय ओसरीवर, तानपुऱ्याच्या शेजारी, रोज संध्याकाळी त्यात भाकरीचा तुकडा अडकवते. अडकवू दे. संशय लहानसाच आहे.