क्लच प्लेटची खांदशेकणी

माझ्या सासऱ्यांना दोन जावई. मी मोठा, पण तेही फक्त लग्न आधी झालं म्हणून. बाकी सगळ्या बाबतींत मोठा तो दुसरा, माझा साडू. चिखल्याला खाणीचा माल वाहणारे त्याचे दोन ट्रक आहेत, आणि ट्रक बंद पडला तर तो बाह्या वर करून स्वतः त्याच्याखाली शिरतो. माझं लाखांदूरला कापडाचं दुकान आहे. मला कापड फाडता येतं, आणि तेही दर वेळी सरळ रेषेत फाटेलच असं नाही.

दिघोरीला सासऱ्यांच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, एका बाजूला, एक जुनी छोटी कार असते. गोल दिवे, बाहेरून दुधी रंग, आत पानाचा. गावात तिला सगळे ‘डब्बी’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ऐन मंडईच्या सकाळी डब्बी चालू होईना. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, घर पाहुण्यांनी भरून जातं. त्या सगळ्या पाहुण्यांसमोर साडूने बॉनेट उघडलं, आत हात घातला, काहीतरी फुंकलं, काहीतरी पिळलं आणि गाडी सुरू झाली. तेव्हापासून सासरे ती गोष्ट येईल त्याला सांगतात. शेवट ठरलेला असतो, “लहाने जवाई म्हंजे सोन्याचे हात.” मग माझ्याकडे नजर गेली की त्यांना वाईट वाटतं आणि ते पुढे जोडतात, “मोठे जवाई बी होते म्हना तिथं. बॅटरी धरून.”

बॅटरी धरून! तीही दिवसाउजेडी. ती मी का धरली होती, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी बैलजोडी विकली. शेतात ट्रॅक्टर आला होता आणि बैलांमागे धावायला गुडघे राहिले नव्हते. पोळा जवळ आला तसे ते रिकाम्या दावणीपाशी घुटमळू लागले. पोळ्याच्या दिवशी गावच्या तोरणाखाली सगळ्यांच्या जोड्या रांगेत उभ्या राहतात, आणि त्या रांगेत त्यांची जागा ठरलेली होती, पाराजवळ, कडुनिंबाखाली. एके दिवशी त्यांनी मला फोन केला. “जवाईबापू, लोक ट्रॅक्टर आनते पोळ्यात. आपून डब्बी उभी केली तं?” मग पुढे म्हणाले, “पन तिचा क्लच घसरून राहिला. लहान्या जवायाले बलावू का?”

या शेवटच्या वाक्याने माझा घात केला. “कायले मामाजी? मी आहो न,” असं मी म्हणून बसलो.

बायको शेजारीच उभी होती. “तुमच्यानं कुकरची शिटी नाही निघत,” ती म्हणाली.

“ते वेगळं. त्याले वाफ असते.”

दुकानाला कुलूप लावून मी दिघोरीत दाखल झालो. मोबाइलवर एका माणसाचे व्हिडिओ पाहून ठेवले होते. डब्बीचा क्लच बसतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध. तो बदलायचा तर आधी मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा काढायचा, मग गिअरबॉक्सचे बोल्ट सोडून तो आख्खा मागे सरकवून खाली घ्यायचा. व्हिडिओतल्या माणसाकडे त्यासाठी खास जॅक होता. माझ्याकडे सासूबाई होत्या. त्यांनी धानाच्या कोंड्याची पोती आणून दिली आणि म्हणाल्या, “यायच्यावर उतरवा. आमी तं इंजिन बी असंच उतरवलो होतो.”

पोती रचून मी गाडीखाली गेलो. शेवटचा बोल्ट सापडेना, म्हणून पोटावर गिअरबॉक्सचा तोल धरून चाचपडत राहिलो. बोल्ट निघाला. गिअरबॉक्स निघाला. पोत्यावर मात्र तो अर्धाच आला, उरलेला माझ्यावर. हाक मारावी तर सासरे येतील, आणि ते आले तर फोन चिखल्याला जाईल. म्हणून मी तसाच पडून राहिलो. शेवटी गाईचं शेण काढायला आलेल्या बाईने माझे पाय पाहिले आणि शांतपणे घरात जाऊन सांगितलं, “जवाई गाडीखाली झोपले जी.”

ओढून बाहेर काढलं तर दारात साडू उभा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं म्हणे, पोळ्यासाठी एक दिवस आधीच आला होता. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्या शर्टानिशी तो एका हाताने गिअरबॉक्स नीट पोत्यावर सरकवून मोकळा झाला. शर्टाला डाग नाही. मी डोक्यापासून पायापर्यंत ऑइल, त्यावर कोंडा चिकटलेला. सासूबाईंनी चहा आणला. पहिला कप त्याला.

“भाऊ, मी करू का?” त्याने विचारलं. बरं, बोलला अगदी गोडीने. खवचटपणे विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं.

“नाही,” मी म्हणालो. “आता उरलंच काय?”

उरलं होतं सगळंच, पण ते मी खरोखर केलं. क्लचची जुनी प्लेट काढली, तिच्यावरचा थर पार झिजून खालचे रिव्हेट उघडे पडले होते. नवी प्लेट नागपूरहून मागवलेली, कोरी, कागदात गुंडाळलेली. ती बरोबर मध्यावर बसवायला बांबूचा तुकडा तासून घेतला, आणि तो तासलेला तुकडा प्लेटच्या भोकात नीट बसला तेव्हा साडूकडे असं पाहिलं, की तसं तर मी स्वतःच्या लग्नात कोणाकडे पाहिलं नव्हतं. साडू म्हणाला, “वा भाऊ.” सासऱ्यांनी ते ऐकलं. मला दुसरं काही नको होतं.

तेवढ्यात सासरे उठून आत गेले आणि वाटी घेऊन आले. वाटीत कोमट तूप आणि हळद, हातात पळसाचं पान. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर तूप-हळद चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवसाचं आमंत्रण देतात. यंदा चोळायला खांदा नव्हता. सासरे प्लेटपाशी उकिडवे बसले.

“इंजिनचा जोर चाकावर कोन नेते? हेच न?” त्यांनी मला विचारलं.

“हो मामाजी.”

“मंग हाच खांदा झाला.”

साडू पटकन पुढे आला. “मामाजी, प्लेटले तूप नाही लावत. घसरंल ते. कोरडीच ठेवा लागते.”

मला हे माहीत होतं, हे इथे नमूद करतो. व्हिडिओतला माणूस तर प्लेटला बोटही लावू देत नव्हता. सासऱ्यांनी पान तसंच हवेत धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. दोन जावयांत त्यांनी माझा निवाडा मागितला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि साडू एका बाजूला उभा होता, म्हणजे मला दुसरी बाजू घेणं भागच होतं.

“ट्रकचं वेगळं असते, साडूभाऊ,” मी म्हणालो. “लहान गाडीले चालते थोडंसं. लावा मामाजी.”

सासऱ्यांनी थोडंसं लावलं नाही. बैलाला लावतात तसं लावलं, दोन्ही बाजूंनी, पानाने चोळून चोळून. मग प्लेटवर हात ठेवून हलकेच म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” साडूने कोठ्याबाहेर जाऊन हात धुतले, तेही डाग नसलेले. संध्याकाळी प्लेट आत बसवून मी गिअरबॉक्स परत चढवला.

पोळ्याच्या दिवशी डब्बीला झूल घातली, दिव्यांना बेगड लावली, बॉनेटवर पुरणपोळी ठेवून पूजा झाली. सासरे नवं धोतर नेसून माझ्या शेजारी बसले. साडू मागे. मी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि डब्बी कोठ्यातून सरळ निघाली. सासरे मागे वळून साडूला म्हणाले, “पाह्यलं का?” त्या दोन शब्दांवर मी गल्लीभर तरंगत गेलो. कोठ्यापासून रस्त्यापर्यंत उतार आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पाराकडे जरासा चढ आहे. चढ लागला आणि डब्बी थांबली. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गर्जलं, चाकं जागेवर. आणखी दाबला. बॉनेटखालून धूर यायला लागला आणि तोरणाभर साजूक तुपाचा खमंग वास सुटला. रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, “शिरा कोनाकडं आहे बा?”

सासऱ्यांनी काच खाली केली आणि पाराकडे पाहिलं. कडुनिंबाखालची त्यांची जागा रिकामी होती, लोकांनी ती त्यांच्यासाठी सोडली होती. ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

साडू उतरला. “मीच सांगलो होतो” हे वाक्य मी मनात ऐकून घेतलं, पण तो सरळ जाऊन शेजाऱ्याची बैलजोडी घेऊन आला. कासरा, म्हणजे बैलांची दोरी, त्याने सासऱ्यांच्या हातात दिली आणि स्वतः बंपरला दोर बांधला. सासरे गाडीतून उतरले. त्यांनी कासरा हाताला गुंडाळला, बैलांना एक आवाज दिला, आणि गुडघ्यांची तक्रार असलेला तो माणूस बैलांसोबत चढावरून तरातरा निघाला. डब्बी मागे, आत स्टीअरिंग धरून मी एकटा. काहीतरी करावं म्हणून हॉर्न वाजवला.

आता पोळ्यात झडत्या म्हणतात, म्हणजे टोमण्याची कवनं, आणि ती तिथल्या तिथे रचली जातात. पाराजवळून एकाने सुरू केलं:

“गाडीच्या खांद्याले चोपडलं तूप,
गाडी म्हने जवाईबापू, बसा आता चूप.
बैल ओढते डब्बी, जवाई वाजवे भोंगा,
पाहाले गाव सारा, लावून आला रांगा.
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव.”

सगळ्यात मोठ्याने ‘महादेव’ म्हणणारे माझे सासरे होते.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. त्याच दिवशी साडूने आणि मी डब्बी परत उघडली. “भाऊ, आज तुमचा पोळा,” एवढंच तो म्हणाला. रातोरात मागवलेली नवीन प्लेट त्याने बसवली. मी बॅटरी धरली.

आणि मग यंदाची मंडई आली. घर पाहुण्यांनी भरलं, सासरे खाटेवर बसले, आणि मी सवयीने सोन्याच्या हातांसाठी मान खाली घालून तयार झालो. त्यांनी झडतीने सुरुवात केली. तूप, हळद, शिऱ्याचा वास, भोंगा, सगळं. कासरा हातात आला ती जागा त्यांनी दोनदा सांगितली. पाहुण्यांनी मला मागे वळून वळून पाहिलं. सोन्याच्या हातांचा विषय निघालाच नाही.

साडू बराच वेळ चिवड्यातले शेंगदाणे निवडत बसला होता. शेवटी न राहवून म्हणाला, “अजी मामाजी, बैल तं मी आनले होते.”

“हो, हो,” सासरे त्याची समजूत काढत म्हणाले. “लहाने जवाई बी होते तिथं.”

मी चिवड्याची ताटली साडूकडे सरकवली. त्याने घेतली नाही.