सोबतीला बसलेल्याची विचारपूस

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरना सगळे ताई म्हणत. त्यांचे वडील आजारी पडले तेव्हा आईने त्यांचं सगळं केलं, आणि ते हिंडूफिरू लागताच तिने स्वतः अंथरूण धरलं. तोवर तिची विचारपूस करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती बोच ताईंच्या मनातून गेली नाही. पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी संशोधनाला हात घातला, तेव्हा विषय निवडला तो रुग्णाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसांचा.

पहिलीच मुलाखत एका म्हाताऱ्या शिंप्याची होती. मांडीचं हाड मोडलेल्या बायकोजवळ तो स्टुलावर बसून होता. तिचं औषध, पथ्य, झोप, सगळं त्याने घडाघडा सांगितलं.

"आणि तुमची झोप?" ताईंनी विचारलं.

शिंपी बायकोचं पांघरूण नीट करू लागला. पलंगावरून बायको म्हणाली, "मी सांगते. आल्यापासून पाठ टेकलेली नाही. घरी जा म्हटलं, की यांना ऐकू येत नाही."

"मी गेलो आणि हिला काही लागलं तर?"

ताईंनी प्रश्नांचे कागद बाजूला ठेवले. "मी बसते इथे. तुम्ही त्या रिकाम्या पलंगावर जरा आडवे व्हा."

नको नको म्हणत तो आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला.

"चला, आता मलाही झोप येईल," बायको डोक्याखालची उशी सारखी करत म्हणाली.

मुलाखत दुसऱ्या दिवशी झाली. शिंपी इतकं बोलला, की लिहून लिहून ताईंचा हात भरून आला.