वाफेचं पुरळ

सूत रंगवण्याच्या त्या कारखान्यात नवं माणूस आलं की थोड्याच दिवसांत त्याच्या मनगटांवर पुरळ उठायचं. कढईवर वाकलं की रंगाची वाफ बाह्यांतून आत शिरते. घाबरलेल्या माणसाला सगळे छटाताईकडे धाडायचे. ती त्याचा हात उजेडात धरायची. म्हणायची, "लागलं बाबा तुझं लग्न रंगाशी. आता सुटका नाही." मग तेलाची बाटली पुढे करायची. पुरळ बसायचं.

तिचं खरं नाव कुणी घेत नसे. गिऱ्हाईक धाग्याचा तुकडा आणून टाकायचं आणि ती त्याच छटेचा रंग कालवायची, म्हणून छटाताई. शाळेत असल्यापासून तिला फिट यायच्या. गोळ्यांनी फिट आवरल्या, पण हात थरथरू लागला आणि केस मूठमूठ गळाले. "डोक्यावरचा भार उतरला," असं ती हसून सांगायची आणि थरथरणारा हात दुसऱ्या हाताने दाबून रंग मोजायची.

लग्न उशिरा झालं. मूल हवं होतं. इतकं हवं होतं की त्याबद्दल ती विनोद करत नसे.

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, की जुनी गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. म्हणून नवी सुरू करायची. नवीचा डोस पुरेसा झाला की जुनी हळूहळू उतरवायची. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत.

"लवकर नाही का वाढवता येणार?"

"नाही. जुनी चालू असताना नवी अंगात जास्त साठते. घाई केली तर कातडीवर उलटते, म्हणून पायरी पायरीनेच. आणि अंगावर काहीही उठलं तर त्याच दिवशी मला फोन. ताप आला, तोंड आलं, डोळे लाल झाले, तर फोनचीही वाट नको. सरळ दवाखाना."

"आणि मग?"

"मग बहुतेक ही गोळी थांबवावी लागेल. पण ते आम्ही ठरवू. मनाने कुठलीच गोळी सोडायची नाही. एकदम सोडली तर फिटवर फिट येतात."

छटाताईने मान हलवली. तिच्या कानात एकच शब्द राहिला. थांबवावी लागेल.

औषध बदलताना फिट येण्याची भीती असते. समोर उकळतं पाणी नको, म्हणून मालकाने तिला कढईवरून काढून मागच्या खोलीत सुताच्या लडी बांधायला बसवलं. दार बंद, पंखा चालू. तिथे तिचा जीव रमेना. गोळ्यांच्या पाकिटावर डॉक्टरीणबाईंनी आठवडे लिहून दिले होते. तिने मनाशी हिशेब मांडला. नवी लवकर वाढली तर जुनी लवकर सुटेल. जुनी लवकर सुटली तर बाळ लवकर. एका सकाळी तिने पुढच्या पायरीचा वाढीव डोस आठवडे भरायच्या आधीच घेतला. काही झालं नाही. मग ती रोजच तेवढा घेऊ लागली.

पुरळ आधी छातीवर उठलं. मग मानेवर.

"वाफेचं असेल," कढईवरची बाई म्हणाली. "इतक्या वर्षांनी रंगाला तुझी आठवण आली."

"तेल लाव," दुसरी म्हणाली. "तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

छटाताईने तेल लावलं. तिला बरं वाटलं. पुरळाला नाव मिळालं होतं आणि ते नाव गोळीचं नव्हतं. तिने गळ्याभोवती रुमाल बांधला. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "फॅशन." तो बिचारा हसला.

अंग कणकण करू लागलं. तिने हवेला दोष दिला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. तिने सुताच्या धुळीला दोष दिला. त्या दिवशी दुपारी ती घरी आली आणि ताट पुढे सारून बसली. घास ओठाला लागला की आग होत होती.

सासू समोर जेवत होती. तोंडाची फटकळ बाई. सुनेचं आणि तिचं फारसं गूळपीठ नव्हतं.

"काय गं, माझ्या हातचं गोड लागेना झालं का?"

"तोंड आलंय."

"बघू."

"काही नाही हो आई, वाफेचं आहे. गळ्यावर उठलंय तेच."

सासूने हात धुतले. जवळ आली. रुमाल सोडला. मानेवरची लाली आता नुसती लाली नव्हती. मधोमध काळपट जांभळे ठिपके होते आणि एका ठिकाणी कातडी पाणी धरून फुगली होती. सासूने तिथे बोट नेलं आणि न टेकवताच मागे घेतलं.

"वाफेचं म्हणतेस," ती म्हणाली. "कढईपाशी कधी गेली होतीस शेवटची?"

छटाताईने रुमाल पुन्हा गळ्याशी ओढला. नवी गोळी सुरू झाल्यापासून ती एकदाही कढईपाशी गेली नव्हती. हे तिला ठाऊक होतं. पहिल्या ठिपक्यापासून ठाऊक होतं.

"आई, फोन केला तर गोळी बंद करतील."

"करू देत."

"मग बाळाचं—"

"अगं बये, तू राहिलीस तर बाळ ना!" सासूचा आवाज चिरकला. तिने फोन घेतला आणि आकडे दाबले.

डॉक्टरीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले. कधीपासून? आणि डोस केवढा? दुसऱ्या प्रश्नाला छटाताईने खरं सांगितलं. डॉक्टरीणबाई भराभर सांगू लागल्या.

"नवी गोळी आता घेऊ नका. जुनी सोडू नका. असाल तशा मोठ्या दवाखान्यात या. मी तिथे कळवते. पाकिटं बरोबर आणा."

दवाखान्यात नर्सने ब्लाउजची बाही कापली, ओढून काढली नाही. ओढली तर कातडी येईल, असं ती दुसरीला हळूच म्हणाली. ते छटाताईने ऐकलं. मग नर्सने पेन घेऊन दंडावरच्या लालीच्या कडेने एक निळी रेषा काढली.

"हे कशाला?"

"पसरतंय का कळायला."

डॉक्टरीणबाई आल्या. डोळे पाहिले, ओठ पाहिले. रागावल्या नाहीत. छटाताईला त्याचीच भीती वाटली.

"वाचेन ना?"

"वेळेत आलात असं म्हणायची घाई मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "गोळी थांबली आहे. आता कातडी काय करते ते बघायचं."

"आणि मूल?"

"फिटसाठी आणखीही औषधं आहेत. ते बोलू. पण ही गोळी पुन्हा कधीच नाही. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी हे सांगायचं."

नवरा पायांशी उभा होता. सासू खुर्चीत बसली होती आणि पहिल्यांदाच सुनेचा हात धरायला जागा शोधत होती. लाल नसलेली जागा. तिला तळहात सापडला.

संध्याकाळी जुनी गोळी आली. ओठ उघडेनात, तेव्हा नर्सने तेच औषध पातळ मागवून चमच्याने थेंब थेंब पाजलं. छटाताईने ते गिळलं आणि मान वळवून दंडाकडे पाहिलं. आयुष्यभर तिने रंगातले बारीक फरक ओळखले होते. हा ओळखायला तिला वेळ लागला नाही. कोपराजवळ लाली रेषेच्या बाहेर आली होती. बोटभर.

तिने ते कुणाला सांगायच्या आधीच सासूने पाहिलं होतं. ती उठून नर्सला हाका मारत होती.