डेमो गाडीचं कॅरिअर

झोनल मॅनेजर काउंटरवर बसून चहा पीत होते, आणि नेमकी त्याच वेळी आमची डेमो गाडी शोरूमच्या दारात येऊन उभी राहिली. मी काचेतून पाहिलं. गाडीच्या मागे हातभर लांब लोखंडी कॅरिअर बसवलेलं. सीट दोन बोटं खाली गेलेली. पुढे लेगगार्ड, आणि त्याला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या.

"रेखा मॅडम," साहेबांनी कप खाली ठेवला, "ही आपली गाडी आहे?"

"नंबर तर आपलाच दिसतो," मी म्हटलं. खोटं बोलायला जागाच नव्हती.

मी पांढरकवड्याच्या शोरूमची ब्रँच इन-चार्ज. यवतमाळच्या मोठ्या शोरूमची ही धाकटी शाखा. बावीस वर्षं मी मोटारसायकली विकते, त्यामुळे साहेब लोकांची मला भीती वाटत नाही. पण त्या दिवशी वाटत होती. कंपनीच्या नव्या गाडीचं आमच्याकडे तीन महिन्यांत एकही बुकिंग झालेलं नव्हतं. झोनल मॅनेजर अनिरुद्ध साहेब पुण्याहून आले होते ते त्याचा निकाल लावायला. बुकिंग नाही, तर शाखा यवतमाळमध्ये विलीन. विलीन हा शब्द ऐकायला गोड आहे. त्याचा अर्थ एवढाच की माझ्यासकट सात जणांनी घरी बसायचं.

गाडी वाईट नव्हती, हे आधी सांगते. तिला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. इंजिन लहान. नंबर प्लेट, इंडिकेटर, आरसे सगळं कायद्यात बसणारं, म्हणजे आरटीओ पासिंग होऊन रस्त्यावर चालते. आणि पोट जमिनीपासून उंच, शॉकअप लांब, टायर खडबडीत, म्हणून रानातही चालते. गडबड ब्रोशरमध्ये होती. ब्रोशरवर बर्फाच्या डोंगरात एक माणूस एकटाच गाडीवर उभा होता. आमच्याकडे बर्फ गोळ्याच्या गाडीवर मिळतो.

लोक यायचे, गाडीवर बसायचे, पाय खाली टेकवून पाहायचे. नुसते चवडे टेकायचे. "बाई, हे गाडी हाये का घोडी?" म्हणायचे आणि उतरून जुन्याच मॉडेलचा भाव विचारायचे. साहेबांनी एक फॉर्मही पाठवला होता. 'या गाडीकडून तुम्हाला काय हवं?' खाली पर्याय: साहस, स्वातंत्र्य, वीकेंड, स्टाईल. मी तो फॉर्म एका शेतकऱ्यापुढे ठेवला, तर त्याने विचारलं, "यातलं मायलेज कोणतं?"

मग पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात गेमसिंग नायक आले. झरी जामणी तालुक्यातल्या एका बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख. सत्तरीचे, पांढरा पटका, आवाज खणखणीत. सोबत त्यांची सून सविता. ती आरोग्यसेविका आहे. लसीचा डबा घेऊन पोडापोडावर फिरते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, बहुतेक रानाच्या आत.

"मॅडम, माही स्कूटी चिखलात जाम होते," सविता म्हणाली. "मडगार्डात माती भरते अन् चाकच फिरत नाई. काडीनं कोरत बसा लागते. तिकडं लेकरं वाट पाहून राह्यले असते."

कापसाची काळी माती आहे ती. ओली झाली की चाकाला धरते ती सोडत नाही. मी दोघांना डेमो गाडीपाशी नेलं आणि पुढचं मडगार्ड दाखवलं. ते चाकापासून वीतभर वर असतं. नायकांनी मधे हात घालून पाहिला. मग वाकून चेनच्या चक्राचे दात मोजले. मोजून झाल्यावर मान हलवली.

"दात बराबर हायेत. पन बाई, आमी जनावर आठ दिवस जुपल्याबिगर घेत नाई."

आता नियम सांगते. डेमो राईड अर्ध्या तासाची, आणि सोबत आमचा माणूस हवा. आठ दिवस गाडी बाहेर दिली तर थेट मेमो. पण शोरूममध्ये उभी राहून ती कोणती विकली जात होती? साहेब पुढच्या महिन्यात येणार होते. मी रजिस्टरमध्ये सही केली, किल्ली दिली आणि सगळ्या स्टाफसमोर, आपण पाहुण्याला म्हणतो तसं म्हटलं, "न्या नायक, आपलीच समजा."

नायकांनी किल्लीतून आमचं 'डेमो' लिहिलेलं कीचेन काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. किल्ली आपल्या लाल दोऱ्यात ओवली. मला वाटलं, म्हातारा हौशी आहे.

साहेब पंधरा दिवस आधीच आले. आणि आता नायक कॅरिअरवर हात ठेवून दारात उभे होते, शेजारी सविता.

"हे कोणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या गावच्या वेल्डरनं," नायक खुशीत म्हणाले. "पक्कं काम हाये. दोन मन वजन ठेवा, हालनार नाई."

"अहो, पण ही कंपनीची गाडी आहे. टेस्ट राईड संपली. परत करायला आलात ना?"

"परत कायले? कागद करून घ्याले आलो."

साहेब माझ्याकडे पाहायला लागले. मी नायकांकडे. मग नायकांनीच शांतपणे समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. बैल विकणारा आपलं दावं कधी देत नाही. दावं म्हणजे गळ्यातली दोरी. घेणारा स्वतःचं दावं आणतो. विकणाऱ्याने चार लोकांत 'तुमचाच समजा' म्हटलं, आपलं दावं परत घेतलं आणि घेणाऱ्याने आपलं घातलं, की सौदा झाला. मग राजा आला तरी मोडत नाही.

"बाईनं त्यायचं दावं वापस घेतलं," ते म्हणाले. "इचारा त्यायले."

कीचेन माझ्या ड्रॉवरमध्येच होतं. बावीस वर्षं सौदे करते मी, आणि आपण एक सौदा केला हे मलाच कळलं नव्हतं.

साहेब तापले. "मॅडम, तुम्ही आठ दिवस गाडी बाहेर दिलीत? वॉरंटी गेली. सीट कापली. मला हे रिपोर्ट करावं लागेल. शाखेचं काय होणार ते तुम्हाला माहीत आहे."

माझंही डोकं फिरलं. म्हटलं, जायचंच आहे तर बोलून जाऊ. "सर, तुमची सीट इथे कोणाच्याच पायाला पुरत नाही. तीन महिने मी हेच लिहून पाठवते. तुमच्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही."

"ऑफ-रोडला उंची लागतेच," साहेब म्हणाले. "तुम्ही या गाडीची बैलगाडी केलीत. ओरिजिनल गाडी काय करू शकते, ते मी दाखवतो."

ते यवतमाळहून याच मॉडेलची दुसरी, कंपनीतून आली तशीच गाडी चालवत आले होते, गुडघ्यापर्यंत बूट आणि जॅकेट घालून. सविता घड्याळ पाहत होती. "सर, मले आज पोडावर लसीकरण हाये," ती म्हणाली. "तिकडंच चला. रस्ता तुमच्या पसंतीचा हाये."

ती उपकेंद्रातून लसीचा डबा आणि आशाताईंना घेऊन निघाली, मागोमाग साहेब आपल्या गाडीवर. उपकेंद्रापासून पोडापर्यंत काळ्या मातीची पाणंद आहे, मधे एक नाला. मी आणि नायक शोरूमच्या जीपने डांबरी रस्त्याचा लांब फेरा घालून पोडावर पोचलो. मोहाच्या झाडाखाली दहा-बारा बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या.

साहेब पडतील अशी माझी आशा होती, खोटं कशाला बोलू. पण नाही. साहेब पाय ठेवायच्या पेगवर उभे राहून, चिखल उडवत, नाल्याच्या चढावरून असे वर आले की मीही पाहत राहिले. माणूस खरंच सुरेख गाडी चालवतो. सविताचा अजून पत्ताही नव्हता.

"उभं राहून काहून चालवून राह्यले?" नायकांनी मला हळूच विचारलं. "बसाची जागा बराबर नसन."

साहेबांनी हेल्मेट काढलं. एक कोलाम म्हातारा उठून त्यांच्याजवळ गेला. गाडीच्या मागे पाहिलं, पुढे पाहिलं, साहेबांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"काय आनलं साहेब?"

"काही नाही. गाडी टेस्ट करतोय."

म्हाताऱ्याने विचारलं, "मंग आले कायले?"

बायांनी पदर तोंडाला लावले. तेवढ्यात सविता आली. सावकाश, दोन्ही पाय गरज पडेल तसे टेकवत. मागे आशाताई, त्यांच्या मागे कॅरिअरवर लसीचा डबा करकचून बांधलेला. सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या. साहेबांच्या गाडीकडे ढुंकून पाहणारं कोणी उरलं नाही.

दोन तासांनी काम आटोपलं. सविताला तिथूनच पुढच्या पोडावर गृहभेटीला जायचं होतं. डब्यात उरलेल्या लसी होत्या. बर्फ वितळायच्या आत त्या उपकेंद्रात पोचवायच्या असतात, नाहीतर वाया जातात. मी जीप पुढे केली. सविता माझ्याकडे पाहून गालात हसली आणि डबा साहेबांच्या हातात दिला.

"सर, तुम्ही लय फास्ट चालवता. एवढा पोचवून द्या."

नाही कसं म्हणणार? साहेबांनी डबा मागे ठेवून पाहिला. दोरी अडकवायला कुठे काहीच नव्हतं. शेवटी टाकीवर ठेवला आणि मांड्यांमध्ये धरला. आता खरी गंमत झाली. डबा सांभाळायचा तर उभं राहता येईना, आणि बसायचं तर पाय टेकेना.

आम्ही फेरा घालून उपकेंद्रात पोचलो, चहा घेतला, नायकांनी पान लावलं. मग साहेब आले. मांडीपर्यंत चिखल. नाल्यात डबा डोक्यावर घेऊन आधी पलीकडे ठेवला म्हणे, मग परत येऊन गाडी ढकलत नेली. नर्सताईंनी डबा उघडला, थर्मामीटर पाहिलं. "बरं झालं, लस चांगली हाये," त्या म्हणाल्या. साहेबांचा चेहरा एकदम उजळला. बक्षीस मिळालेल्या पोरासारखं ते माझ्याकडे पाहून हसले. तेव्हा पहिल्यांदा मला तो माणूस आवडला.

पायरीवर बसून त्यांनी बूट उपडे केले. मग नायकांना विचारलं, "कॅरिअरला पाईप कितीचा वापरला?"

"कागद करता का नाई, ते पयले सांगा," नायक म्हणाले.

"करतो. डेमो गाड्या कंपनी कधी ना कधी विकतेच. ही थोडी लवकर विकली."

रिपोर्टमध्ये त्यांनी नियमभंग कुठेच लिहिला नाही. लिहिलं, 'शाखेच्या पुढाकाराने एक्स्टेंडेड कस्टमर ट्रायल.' मी ते दोनदा वाचलं. माझ्या आगाऊपणाला इतकं चांगलं नाव कोणी दिलं नव्हतं. आणि जुना फॉर्म फाडून त्यांनी नवा केला. त्यात एकच प्रश्न: 'तुम्ही गाडीवर काय नेता?'

फॉर्म भराभर भरून आले. फवारणीचा पंप. दुधाचे कॅन. गॅस सिलिंडर. तेंदूपानाची पोती. एकाने लिहिलं, बायको अन् तिची बहीण. स्वातंत्र्य कोणीच नेत नव्हतं. दसऱ्यापर्यंत पाच बुकिंग झाली, पाचही कॅरिअरसकट, सीट उतरवून. कंपनीने नंतर तसलंच कॅरिअर पुण्यात बनवलं आणि त्याला लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं. ते पोडाच्या रस्त्यावर दुसऱ्याच महिन्यात तडकलं.

यातून मी शिकले ते इतकंच. गिऱ्हाइकाला काय पाहिजे, हे त्याला विचारून कळत नाही. त्याला ओझं द्यावं, गाडी द्यावी आणि तो गाडीत काय मोडतो, काय जोडतो ते पाहावं.

शाखा चालू आहे. तेव्हा आम्ही सात जण होतो, आता आठ आहोत. आठवा वेल्डर आहे.